भाकरीवरची नावं

रावजींचा पितृपक्षातला म्हाळ उरकला. लासुर्ण्यातली जेवणारी मंडळी ढेकरा देत, आमटीचं कौतुक करत आपापल्या वाटेला लागली आणि सकाळपासून ताठ धरलेली पाठ त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईनं ओसरीच्या खांबाला टेकवली. टेकवली म्हणजे, कुणी बघत नाही असं बघून टेकवली. पण सून बघतच होती.

"आत्याबाई, आत जाऊन पडा जरा," जयमाला म्हणाली.

"मला काय झालंय पडायला? म्हाळ त्यांचा हाय. माजा न्हाय अजून."

जयमाला पत्रावळी गोळा करायला लागली. सकाळी बारामतीहून आली ती तयार भज्यांचा डबा घेऊन. रावजींच्या नैवेद्याला विकतची भजी! प्रयागबाईनं तो डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. रानातला गडी कुंडलिक समोर उभा होता, त्याच्या हातात दिला, 'पोरास्नी ने तुज्या' म्हणून. जयमालाला ते कळलं, आणि जयमालाला कळलंय हे प्रयागबाईला कळलं. सासू-सुनेचं सगळं असं न बोलता चालायचं. बोलून चालायला सहवास तरी कुठं राहिला होता? लेकानं, विजयसिंहानं बारामतीत बंगला बांधला तो पोरीच्या, श्रेयाच्या शाळेसाठी. शाळा संपली, कॉलेज संपत आलं, बंगला काही संपला नाही. सण आला, म्हाळ आला, उसाला तोड आली की पांढरी गाडी दारात यायची आणि दिवे लागायच्या आत वळायची. मग मागं प्रयागबाई, एक दुभती म्हैस आणि रावजींनी उसाच्या जिवावर बांधलेलं स्लॅबचं मोठं घर. भिंतीला अजून तडा नाही. तडा जायला घरात माणसं तरी वावरायला पाहिजेत.

आज मात्र गाडी लगेच वळणार नव्हती. यशराज आपली नवी कॅसेट घरच्यांना ऐकवणार होता.

"कॅसेट नाही गं आज्जी, अल्बम," श्रेयानं तिला सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

"अल्बम लग्नाच्या फोटूंचा असतो. मला शिकवू नगंस."

यशराज विजयसिंहाचा थोरला. त्याच्या बँडचं नाव 'पोकलेन'. नावासारखंच काम, गाणं सुरू झालं की जमीन उकरल्यागत आवाज. पुण्यामुंबईत तिकीट काढून पोरं ऐकायला यायची आणि कणसं हलल्यागत माना हलवायची. प्रयागबाई एकदाच गेली होती, बारामतीच्या मैदानावर, कानात कापूस घालून, पहिल्या रांगेत. नातू घामानं निथळत, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत होता. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली होती, "पोरगं कुणावर एवढं खवळलंय?" विजयसिंहानं एसी वाढवला होता.

आणि गेल्या साली पावसाळ्यात हाच पोरगा एक गिटार, एक पेटी आणि दोन-तीन वायरी घेऊन लासुर्ण्यात येऊन राहिला. बँड नाही, ढोल नाही. मधल्या खोलीच्या भिंतींना त्यानं गोधड्या टांगल्या. प्रयागबाईच्या हातच्या, लुगड्यांच्या. तिथं बसून तो दिवसचे दिवस गायचा. गायचा म्हणजे पुटपुटायचा.

"पुण्यात जागा न्हायती व्हय असल्या कामाला?" तिनं विचारलं होतं.

"आहेत की. पण तिथं गेलो की मला ओरडताच येतं, आज्जी. दुसरं काही येत नाही."

तिनं त्याला नजरेनं मापलं आणि म्हशीच्या धारेला गेली. पण पोरगा घरात असल्याचं तिला बरं वाटत होतं, हे ती कुणाला सांगणार नव्हती. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायची. तो फारसं बोलायचा नाही, तीही नाही. तरी दोन ताटांचा आवाज एका ताटासारखा नसतो.

पाऊस सरला तसा तो गेला. पुण्यात त्यानं ते सगळं घासून-पुसून पुरं केलं, आणि आता येत्या सोमवारी ते जगासाठी खुलं होणार होतं.

विजयसिंहाला काय वाटलं होतं कोण जाणे. त्यानं गणपती मंडळाचा माणूसभर उंचीचा स्पीकर टेम्पोतनं आणून ओसरीवर उभा केला होता, तोंड गल्लीकडं करून.

"पप्पा, हे नको," यशराज म्हणाला. "आत बसू. माझा छोटा स्पीकर आहे."

"आरं, बापाला एकदा तरी मिरवू दे. कारखान्याचं इलेक्शन तोंडावर हाय. त्यातलं एक दणकेबाज गाणं आमच्या पॅनेलला घेतो."

"त्यात दणकेबाज काही नाही."

"ते म्या ठरवतो. लाव तू."

यशराजनं लावलं. कुणी ओट्यावर बसलं, कुणी दारात. विजयसिंह हाताची घडी घालून स्पीकरसमोर उभा राहिला, दणका छातीवर घ्यायला. पण दणका आलाच नाही. तारेवर बोट फिरल्याचा बारीक आवाज, मग कुणीतरी श्वास घेतला, मग परत काहीच नाही.

"चालू हाय का?"

"चालू आहे."

"मग वाजंना का?"

"वाजतंय, पप्पा. ऐका."

गाणं कानात शिरेपर्यंत संपतंय की काय असं होतं. पोराचा आवाज उशीवर डोकं ठेवून बोलल्यासारखा येत होता:

*किती मोठ्यानं गायलो मी*
*कुणी जवळ येऊ नये म्हणून…*

प्रयागबाईच्या हातातला अडकित्ता थांबला. तिनं नातवाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

"आसं व्हय," विजयसिंह म्हणाला. "आवाजच बारीक ठिवलाय." आणि त्यानं स्पीकरची खुंटी धरून पार शेवटपर्यंत पिळली.

"पप्पा, नका! पुढच्या गाण्यात—"

पुढचं गाणं सुरू झालंच. गिटार नाही, काही नाही. आधी आली थाप. थप, थप, थप. परातीत भाकरी थापल्याचा आवाज, पण एवढा मोठा की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. मग तव्यावर भाकरी पडल्याची चर्र. मग प्रयागबाईचा आवाज. तिचाच. पण असा आवाज तिनं स्वतः कधी ऐकला नव्हता. त्यात धार नव्हती, हुकूम नव्हता. लेकरू मांडीवर घेतल्यावर निघतो तसला.

"ही विज्याची… ही जयमालाची… ही यशाची, त्येला करपल्याली आवडती… ही श्रेयाची… ही कुंडलिकची, ही बी त्येचीच, लांडगा हाय मेला…"

थप. थप.

"ही राजीची."

थप.

"ही माजी."

*राजीची* गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मारुतीच्या पारावरनं परत आली. विजयसिंहानं वायरच उपटली, आणि गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

शेजारच्या भिंतीवर गोजरबाईचं डोकं उगवलं. प्रयागबाईची धाकटी जाऊ. गोष्ट घडायच्या आधी तिला वास यायचा, ही तर घडून गेलेली.

"अक्का, राजी आली का काय वं? नाव घेतल्यागत ऐकलं."

"तुज्या कानात मळ झालाय, गोजरे. घासलेट घाल."

"न्हाय बया, तुमचाच आवाज हुता. म्हणलं, एवढ्या वर्सांनी…"

"भितीवरनं पडशील. उतर खाली."

डोकं मावळलं. पण पाय हलल्याचा आवाज काही आला नाही.

राजी म्हणजे राजलक्ष्मी, प्रयागबाईची लेक, विजयसिंहाच्या पाठची. बावड्याला दिली होती. रावजी गेल्यावर तिला साडी घेऊन हक्कसोडीला बोलावलं. बहिणी येतात, बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करतात, साडी घेतात, भावाकडं जेवून जातात, असंच सगळीकडं चालतं. राजीनं साडी इंदापूरच्या कचेरीच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "मला साडी नगं. माजं नाव ऱ्हाऊ द्या." मग विजयसिंहानं वारस नोंदीला दोनच नावं दिली, आईचं आणि स्वतःचं, आणि प्रयागबाईनं चौथीपर्यंतच्या शिक्षणातून आलेली आपली सही खाली केली. राजीनं हरकत घेतली. तारखा सुरू झाल्या त्या सुरूच आहेत. त्याच कचेरीच्या आवारात, वकील, तलाठी, गोजरबाई, सगळ्यांसमोर प्रयागबाई म्हणाली होती, "आजपास्नं ही आमाला मेली. माज्या घरात हिचं नाव निघणार न्हाय."

आणि निघालं नव्हतंच. दिवाळीला नाही, भाऊबीजेला नाही, राजीच्या पोराचं लग्न झालं तेव्हा नाही. गावात प्रयागबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. लोक आपल्या लेकींना तिचं उदाहरण देत.

"काढून टाक ते," विजयसिंह म्हणाला. आवाज खाली, गल्लीला जाऊ नये एवढाच. "यश्या, आत्ताच्या आत्ता."

"काढून बघितलं होतं. आज्जीचा आवाज काढला की खाली गाणंच राहत नाही."

"मग गाणंच काढ! आरं, आईनं सही केलीय, लेकरू एकच हाय म्हणून. उद्या तारखेला तिचा वकील हे मोबाईलवर वाजवंल. त्येच्यापेक्षा इलेक्शनला समोरचं पॅनेल वाजवंल. म्हणतील, बघा विजयराव, आई तिकडं एकटी भिताडाशी बोलती."

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं. प्रयागबाईनं अडकित्ता खाली ठेवला.

"भिताडाशी न्हाय बोलत मी," ती म्हणाली. "भाकरी मोजत हुते."

ते खरं होतं. लग्न होऊन आली तेव्हा घर माणसांनी खच्चून भरलेलं. पोरीला पिठाचा अंदाज येईना, भाकऱ्या कधी उरायच्या, कधी गड्यामाणसाला कमी पडायच्या. सासूनं शिकवलं: आकडा ध्यानात ठेवू नगंस, माणूस ध्यानात ठेव. नाव घे आन् मूठ घे. ज्याचं नाव घेतलं त्याच्या वाटचं पीठ पडलं. तेव्हापासून चुलीपुढं बसली की तिची नावं सुरू. माणसं वाढली तशी नावं वाढली. माणसं गेली तशी कमी झाली. कुणी मेलं की सुतक फिटल्यावर पहिल्या भाकरीला ते नाव गाळायचं, हाही सासूचाच नेम. रावजींचं, म्हणजे तिच्या तोंडचं 'ह्यांची', तिनं तसंच गाळलं होतं.

आता घरात खाणारी ती आणि कुंडलिक. तरी नावं तेवढीच. उरलेल्या भाकऱ्या म्हशीला, ही घराची जुनीच रीत. म्हशीच्या अंगावरचं मांस बघून लोक विचारायचे, मावशी, पेंड कुठली घालता?

जयमाला इतका वेळ पत्रावळींचा ढीग धरून उभी होती. तो तिनं खाली ठेवला.

"मामंजींचं नाव नाही त्यात," ती म्हणाली.

"कशात?" विजयसिंहानं विचारलं.

"गेलेल्या माणसाचं नाव आत्याबाई भाकरीवर घेत नाहीत. मी नवी होते तेव्हा मला सांगितलं होतं त्यांनी." ती सासूकडं न बघता बोलत होती. "मामंजींचं नाही. राजीवन्संचं आहे."

"तू गप. तुला काय कळतंय यातलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला? मीबी केलीय सही, माझ्या भावांना. साडी घेतलीय. कपाटात घडी मोडली नाही अजून."

विजयसिंहानं बायकोकडं असं पाहिलं, जणू विचारत होता, ही बाई आपल्या घरात कधी आली. प्रयागबाईनंही पाहिलं. एवढ्या वर्षांत या सुनेनं कधी तोंड वर केलं नव्हतं. वर केलं ते नेमकं तिच्या बाजूनं, आणि तिला ते सुईसारखं टोचलं. सुनेनं वाचवावं एवढी काही ती खाली आली नव्हती.

"वकिलीण हू नगंस माजी," ती म्हणाली. मग नातवाकडं वळली. "आन् तू रं? चोरून ऐकतूस? माज्या घरात खातूस, माज्या गोधड्या भितीला टांगतूस आन् मलाच चोरतूस?"

"चोरलं नाही, आज्जी. मी पहाटे गात होतो, माईक चालू होता. दार उघडं होतं. पुण्यात जाऊन ऐकलं तेव्हा कळलं की मागं तू आहेस." यशराजचा आवाज गाण्यातल्यासारखाच खाली गेला. "मी तीन महिने शोधत होतो की हळू बोलायचं कसं. आणि तू तिथं आत बसून रोज…"

"ते कुणी ऐकायसाठी नव्हतं."

"मग कुणासाठी होतं?"

असं कुणी खोदून विचारलं की ती चिडायची. पण आज चिडही वेळेवर येईना.

"राहू दे ना ते," श्रेया मध्येच बोलली. "किती भारी आहे. पप्पा, प्लीज."

"भारी? तुज्या आज्जीची इज्जत चाललीय आन् भारी?"

"ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना मी विचारणार आहे," यशराज म्हणाला. "तुम्हाला, आईला, कुंडलिककाकाला. आणि आत्याला. तिला सकाळी गाणं पाठवलंय. ती हो म्हणाली तर राहील, नाही म्हणाली तर नाही. आज्जी, तुझंही तसंच. दोघी हो म्हणालात तरच."

"तिला पाठवलंस?" प्रयागबाईला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "ऐकलं तिनं?"

"माहीत नाही. विचारू?"

विजयसिंह काहीतरी बोलायला गेला. प्रयागबाईनं हात वर केला, जुन्या सवयीचा हात, आणि तो गप्प झाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस.

"लाव फोन," ती म्हणाली. "पर मी हितं हाय म्हणू नगंस. मी घरात न्हाय. मी रानात गेलीया."

यशराजनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. बराच वेळ घंटी वाजली. मग मागं पाण्याची मोटार, माणसांची बोली, आणि राजी.

"बोल रं, यशा."

प्रयागबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. आवाज जाड झाला होता पोरीचा. वय झालं होतं तिचं. कुणी सांगितलं नव्हतं.

"आत्या, गाणं ऐकलंस?"

"ऐकलं. पेरूच्या बागंत बायका लावल्यात फळास्नी फोमच्या जाळ्या घालायला, त्येंच्यातनं बाजूला जाऊन ऐकलं." मग आवाज खाली आणून, "दोनदा ऐकलं."

"मग… राहू दे का तुझं नाव?"

पलीकडं मोटारीचा आवाज लांब गेला; राजी आणखी बाजूला सरकली.

"आई हाय व्हय तिथं?"

"नाही. रानात गेलीय."

"म्हाळाच्या दिशी रानात? खोटं बोलाय तुला येत न्हाय, बाळा. बापावर न्हाय गेलास." विजयसिंहानं मान दुसरीकडं केली. "बसली आसंल पदर तोंडात घालून. बसू दे. तिला सांग, राजी म्हणाली, एवढी वर्सं माज्या नावाची भाकरी म्हशीनं खाल्ली, गोड लागली आसंल. पर मला म्हशीच्या दावणीत नाव नगं. भाकरीवर घेतीस तर सातबाऱ्यावर बी घे. चार लोकांत घे. न्हायतर दोन्हीकडनं काढ. चुलीपुढं एकटीनं घेतल्यालं नाव माज्या काय कामाचं?"

"आत्या, पण…"

"माजं एवढंच हाय. तिला जे करायचं ते तिनं करावं. मी तिच्यावानी नाव टाकत न्हाय, आन् मागत बी न्हाय." मग एकदम आवाज बदलला, घाईचा झाला. "गाणं चांगलं झालंय रं. आसंच गात जा. आधी लई वरडायचास."

फोन बंद झाला.

श्रेयाचे डोळे भरले होते. जयमाला खाली बघत होती. विजयसिंहानं सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग मिटलं. तिलाच नगं हाय. काढ."

प्रयागबाई हसली. सगळे दचकले. ती खरंच हसली होती, नाकातनं, रावजींशी भांडण जिंकल्यावर हसायची तशी. सातबाऱ्यावर घे! अशी बोलणारी बाई पंचक्रोशीत एकच होती असं तिला वाटायचं. दुसरी तिनंच जन्माला घातली होती आणि बावड्याला देऊन टाकली होती. दोघींपैकी एकीनं तरी वाकायला शिकायला हवं होतं. शिकवायचं काम आईचं. आईलाच येत नव्हतं.

हसू मावळलं. तिनं पोराकडं पाहिलं.

"विज्या."

"काय?"

"ती काय म्हणाली ऐकलंस न्हवं? सातबाऱ्याचं."

विजयसिंहानं खिशातनं मोबाईल काढला, उगाच बघितल्यासारखं केलं, परत ठेवला. "आये, तुला जे करायचं ते कर. जमीन तुज्या बी नावावर हाय, म्या काय आडवणार? पर मग म्या हितं येऊन काय करायचं ते मला बी ठरवावं लागंल."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलट ओरडता येतं. पण त्यानं ते हळूच सांगितलं, घरातल्या माणसासारखं, आणि प्रयागबाईला पांढरी गाडी दिसली, वळलेली, आणि नंतर न आलेली. सणाला नाही, म्हाळाला नाही. वर्षातनं चार वेळा येणारं पोर एका हाताला. दुसऱ्या हाताला वर्षानुवर्षं न आलेली लेक, जी नाव लावलं तरी येईलच असं म्हणाली नव्हती. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले, जणू ते खरंच जड झाले होते. हिशेब पिठासारखा सोपा नव्हता. नाव घेऊन मूठ घ्यावी तर ती एकाच्या तोंडची जात होती.

"काढ तिचं नाव," ती यशराजला म्हणाली.

"आज्जी!" श्रेया उठून उभी राहिली. "तू पण? तू घाबरलीस पप्पांना!"

"व्हय," प्रयागबाई म्हणाली. असं उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. श्रेया पायरीवर जाऊन बसली, सगळ्यांकडं पाठ करून. विजयसिंह आता जिंकला होता, पण त्यालाही कुठं बघावं कळेना. तो गाडीच्या टायरपाशी जाऊन उभा राहिला आणि टायर पायानं दाबून बघायला लागला.

यशराजनं मांडीवर कॉम्प्युटर घेतला. "ठीक आहे. ते काढतो आणि पुढचं मागं ओढून जोडतो. कळणार पण नाही."

"न्हाय."

"काय नाही?"

"जोडू नगंस. नाव काढ, जागा ठिव." तिनं बोटानं हवेत एक लांबी दाखवली, राजीच्या नावाएवढी. "माजी थाप हाय, तिच्याफुडं तिची जागा हाय. तितं काय बी वाजवू नगंस. तुजं गिटार बी न्हाय. मंग माजी भाकरी."

यशराजचा हात थांबला. "लोकांना वाटेल काहीतरी बिघडलंय."

"वाटू दे. बिघडलंयच."

तो काम करत राहिला, प्रयागबाई शेजारी बसून राहिली. पडद्यावर तिचा आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसत होता. त्यातला एक डोंगर त्यानं उचलला आणि तिथं सपाट रेघ राहिली, पाट आटल्यासारखी. एवढंच होतं ते. दिसायला बोटभर.

"झालं," तो म्हणाला. "ऐकशील?"

"स्पीकरवर न्हाय."

"नाही. हे घे." त्यानं ते कानावरचं जाडजूड टोपण तिच्या डोक्यावर बसवलं, पदर सारून, दोन्ही कान झाकून. लासुर्णं बंद झालं. कावळे, म्हैस, गोजरबाईची भिंतीपलीकडची खसफस, सगळं गेलं. प्रयागबाईनं डोळे मिटले. यशराजनं बटण दाबलं.

बाहेरच्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना नुसती ती दिसत होती, खांबाला टेकून बसलेली, सगळ्यांदेखत टेकून, ओठ हलतायत न हलतायत. जयमाला पुसायचं फडकं हातात घेऊन दारात आली. श्रेयानं मान वळवली. विजयसिंह गाडीचं दार उघडून एक पाय आत टाकत होता.

कानावर ते टोपण असलं की माणसाला आपला आवाज किती मोठा ते समजत नाही.

"ही राजीची!" प्रयागबाई म्हणाली.

केवढ्यानं म्हणाली! पोटातनं आलं, अंगणातनं गल्लीत गेलं. भिंतीवर गोजरबाईचं डोकं परत आलं आणि या वेळी मावळलं नाही. विजयसिंहाचा पाय तसाच अर्धा गाडीत राहिला. जयमालानं फडकं तोंडाला लावलं.

कुणी तिला सांगितलं नाही.

प्रयागबाईनं डोळे उघडले, नातवाकडं पाहिलं, आणि एक बोट गोल फिरवलं.

"परत लाव," ती ओरडली.